रामजी मास्तर

गेल्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत जयंतीचं कविसंमेलन झालं. अकरा कवी, मी नववा. अकरातल्या आठ जणांच्या कवितेत बाबासाहेब सूर्य होते. माझ्याही होते. टाळ्या पडल्या. स्टेजवरून खाली उतरलो तर अभ्यासिकेत येणारा सातवीतला एक पोरगा शर्ट ओढून विचारतो, "दादा, बाबासाहेबांचा अभ्यास कोण घ्यायचं?"

मी म्हणालो, "कोणी नाही. ते स्वतःच शिकले."

खोटं बोललो मी. मुद्दाम नाही, सवयीनं. सूर्याला मास्तर नसतो. ज्या कवितेत बाबासाहेब सूर्य आहेत त्या कवितेत त्यांचा अभ्यास घेणारा माणूस बसायला जागाच नाही. आणि हा माणूस तर बाबासाहेबांच्या घरातच होता. पेशानं मास्तर होता. चौदा वर्षं हेडमास्तर होता. आपण त्याला ओळखतो ते फक्त सुभेदार म्हणून आणि बाप म्हणून. बॅनरवर त्याचा फोटो असतो, खाली 'सुभेदार रामजी सकपाळ' असं असतं. 'शिक्षक' हा शब्द मी एकाही बॅनरवर वाचला नाही, एकाही गाण्यात ऐकला नाही. हा लेख त्या शब्दासाठी आहे.

दोस्तांनो, हा भक्तीचा लेख नाही. रामजीबाबांनाही आता मखरात बसवा असं मला म्हणायचं नाही. मखरं आपल्याकडे पुष्कळ झाली. आपल्या साहित्यानं एका शिक्षकाला कसं गाळलं, आणि गाळल्यामुळे आपलं काय बिघडलं, एवढंच मला तपासायचं आहे.

आधी माणूस बघू. रामजी मालोजी सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. बाप मालोजीही पलटणीतले. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातली, तिचे वडीलही सुभेदार-मेजर. म्हणजे दोन्हीकडून पलटण. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून रामजींनी मास्तरकीची परीक्षा दिली आणि पलटणीच्या शाळेत शिकवायला लागले. तिथं चौदा वर्षं हेडमास्तर. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत भीमराव जन्मला तो ह्या मास्तराच्या घरी. आणि सगळं घर कबीरपंथी.

आता ही पलटणीची शाळा काय प्रकार होता? बाबासाहेबांनी स्वतः त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. कंपनीच्या काळापासून देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं. पोरांसाठी दिवसाची शाळा, शिपायांसाठी रात्रीची. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८५२ साली महार-मांगांच्या पोरांची, तेव्हा पेठांमधून शेणगोळे आले. छावणीच्या तारेच्या आत मात्र महाराची पोरगी पाटी घेऊन बसलेली होती. रामजी जोतीरावांना मानणारे, त्यांच्या ओळखीचे होते, असं कीरांनी लिहिलंय. मला त्यात नवल वाटत नाही. दोघं एकच काम करत होते, एक तारेच्या बाहेर आणि एक आत.

पण भाबडं व्हायचं कारण नाही. इंग्रजानं ही शाळा आपल्या प्रेमापोटी काढली नव्हती. हुकूम वाचता येणारा, हिशेब ठेवणारा शिपाई त्याला हवा होता म्हणून काढली. गरज संपली तसं दार लावून घेतलं. १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. कोरेगावला १८१८ साली लढलेली जात आता म्हणे लढाऊ नाही. भरती बंद म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. भरती बंद म्हणजे दिवसाची शाळा बंद, रात्रीची शाळा बंद, पोरीची पाटी बंद. हे सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल तर मास्तराला. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं सरकारकडे अर्ज केला. भरती काही उघडली नाही. १९१७ साली पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, १९२१ साली मोडली. पुन्हा गरज पडली १९४१ साली, तेव्हा महार रेजिमेंट. गरजेपुरता माणूस, गरजेपुरती शाळा. गिरणीत काम करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भीमराव दोनेक वर्षांचा असताना रामजी पेन्शनीत निघाले. म्हणजे मास्तरकी संपली. निदान आपल्या लेखकांनी तरी संपवली. चरित्रांमध्ये इथून पुढे रामजी 'वडील' होतात. कष्ट करणारे, धर्मशील, शिस्तीचे वडील. कीरांच्या पहिल्या प्रकरणात सगळे तपशील आहेत, खैरमोड्यांच्या १९५२ च्या पहिल्या खंडात तर ढिगानं आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी गोळा केलं म्हणून तर मी वाचू शकलो. राग माझ्यावर आणि माझ्यासारख्या कवींवर आहे. आपण तो ढीग उपसला नाही. त्यातनं 'बाप' तेवढा उचलला, कारण बापावर गाणं पटकन होतं.

आणि एक मास्तर मात्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सातारच्या शाळेतले आंबेडकर नावाचे ब्राह्मण मास्तर. भीमरावाला भाजीभाकरी देणारे, चरित्रांत सांगतात त्याप्रमाणे आपलं आडनाव देणारे. शाळेत आम्हाला हेच शिकवलं, भाषणांत हेच ऐकलं. त्या मास्तरांबद्दल बाबासाहेबांनी कृतज्ञता ठेवली, आपणही ठेवू, मी त्यात वाटा मागत नाही. पण गंमत बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत नाव दाखल झालं, त्या तारखेला महाराष्ट्र सरकारनं २०१७ पासून विद्यार्थी दिवस केला. विद्यार्थ्याचा दिवस झाला. भाकरी देणाऱ्या मास्तराची गोष्ट झाली. आणि ज्यानं त्या पोराला अक्षर दिलं, इंग्रजी दिलं, तो महार मास्तर गोष्टीतनं गेला. देणारा बामण असला की गोष्ट होते, आपला असला की नातं होतं. 'बापच होता, त्यात काय!' ही जी 'त्यात काय' आहे ना, ती आपल्याच तोंडात आहे.

आता रामजी मास्तरांची शाळा बघू. पलटणीची नव्हे, घरची.

ह्या शाळेचा अभ्यासक्रम काय होता हे बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधल्या पहिल्याच आठवणीत दिसतं. आपण सगळे ती आठवण मसूर स्टेशनची म्हणून वाचतो. मी ती ह्यावेळी मास्तरांसाठी वाचली. १९०१ साल. रामजी गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार, पोरं सातारला. सुट्टीत वडिलांकडे निघाली. आईविना पोरं, पण अंगावर नवे शर्ट, डोक्यावर चमकदार टोप्या, पायात बूट, रेशीमकाठी धोतरं. येत असल्याचं पत्र पोरांनीच आधी धाडलेलं. म्हणजे स्वच्छ राहावं, नीट कपडे करावे, लिहावं-वाचावं, पत्र टाकावं, तिकीट काढावं, प्रवास करावा, हे सगळं मास्तरांनी शिकवलं होतं आणि पोरं पहिल्या नंबरानं पास झाली होती.

आणि मसूर स्टेशनवर सगळी परीक्षा एका शब्दात नापास. स्टेशनमास्तर विचारतो, तुम्ही कोण? पोरगं खरं सांगतं, महार. स्टेशनमास्तर पाच पावलं मागं. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार ह्या अटीवर. डब्यात अन्न आहे, पण प्यायला पाणी नाही. पाण्यावाचून सगळी रात्र. पत्र वडिलांना का मिळालं नव्हतं? नोकरानं दिलंच नाही, विसरला.

पलटणीच्या नॉर्मल स्कूलमध्ये जो धडा नव्हता तो धडा हा. छावणीत हुद्दा होता, शिस्त होती, परीक्षा होती. नीट शिकलात, नीट राहिलात तर माणूस व्हाल, हा त्या शाळेचा विश्वास. रामजी मास्तर तो विश्वास घरी घेऊन आले आणि पोरांना दिला. मसूरला कळलं की तारेच्या बाहेर हे नाणं चालत नाही. मला ही आठवण नुसत्या अपमानाची वाटत नाही. एका चांगल्या शिक्षकाचा अभ्यासक्रम अपुरा पडला त्याची ती नोंद आहे. आणि अपुरा पडला म्हणून फुकट गेला असंही नाही. त्या रात्रीची नोंद करायला जे इंग्रजी लागलं त्याचा पाया त्याच शाळेतला.

पुढं मुंबई. परळची डबक चाळ. एक खोली, त्यातच चूल, त्यातच धूर, भांडीकुंडी, माणसं. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. आता चरित्रातली ती गोष्ट, जी आपण सगळ्यांनी वाचलीय आणि पुढं गेलोय. खोलीत निजानीज झाल्याशिवाय अभ्यास होणं शक्य नाही, म्हणून रामजी पोराला लवकर झोपवायचे. स्वतः जागे राहायचे. रात्री दोन वाजता त्याला उठवायचे, आणि मग आपण आडवे व्हायचे.

मी सूतगिरणीत आहे. रात्रपाळीला दोन वाजता काय होतं ते मला माहीत आहे. त्या वेळी डोळ्यात वाळू येते, धागा तुटलेला दिसतो आणि हात उठत नाही. साठीकडे झुकलेला एक पेन्शनर रोज त्या वेळेपर्यंत जागा राहतो, चहासाठी नाही, पगारासाठी नाही, दुसऱ्याच्या वाचण्यासाठी. ही नुसती माया नाही. माया पोराला झोपू देते. दोन वाजता उठवतो तो मास्तर.

शिकवायचे काय? इंग्रजी, भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला रामजींनी भीमरावाकडून घोटून घेतल्या. हायस्कुलात संस्कृतचं दार बंद झालं तेव्हा पोरानं फारशी घेतली. पण इंग्रजीचं दार कुणाला लावता आलं नाही, कारण ते घरातच होतं. आपण 'बाबासाहेबांचं इंग्रजी' म्हणून कौतुक करतो आणि कोलंबियाकडे बोट दाखवतो. बोट जरा अलीकडे आणा. परळला आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे आपल्यातल्या काही जणांना आवडणार नाही. रामजी मास्तर पोरांकडून रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. सक्तीनं. आपल्याकडे ह्या गोष्टीवर दोन उपाय करतात: एक तर गाळायची, नाहीतर 'ते अजून हिंदू संस्कारांत होते' असं म्हणून कुरकुरत माफ करायची. मी म्हणतो, ती पूर्ण वाचा. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहिली आहे, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या १९५६ च्या प्रस्तावनेत. ग्रंथ १९५७ साली निघाला त्यात ही प्रस्तावना छापलीच नाही. भगवान दासांनी १९८० साली छापून बाहेर आणली. मी डिक्शनरी घेऊन चार रात्री ती वाचली.

त्यात प्रसंग असा. पोरगं बापाला विचारतं, ज्या पुस्तकांत बामण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची नालस्ती आहे ती आम्हाला का वाचायला लावता? बाप चिडतो. लहान आहात, सांगतो ते करा, असले प्रश्न विचारू नका. बाबासाहेब लिहितात की वडील घरात रोमन कुटुंबप्रमुखासारखे होते, सगळी सत्ता त्यांची. आई लहानपणी गेली म्हणून आपल्याला थोडी मोकळीक होती. काही दिवसांनी पोरगं पुन्हा तोच प्रश्न विचारतं. आणि ह्या वेळी, बाबासाहेब नोंदवतात, वडील उत्तराची तयारी करून आलेले दिसले.

मी इथं पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. तयारी करून आलेले! दोस्तांनो, ही एक ओळ रामजी सकपाळांना बापातून काढून मास्तरांत घालते. बापाला तयारी करावी लागत नाही, त्याच्याकडे हात असतो. प्रश्न ऐकून घरी जाऊन, खरं म्हणजे घरातच राहून, दुसऱ्या वेळेसाठी उत्तर जुळवतो तो शिक्षक.

उत्तर काय होतं? आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड बसतो, तो जायला ही पुस्तकं कामाची आहेत. द्रोण बघ, कर्ण बघ, लहान माणसं कुठल्या कुठं चढली. वाल्मीकी बघ, कोळी असून रामायण लिहिलं. म्हणजे मास्तर ते ग्रंथ पुण्यासाठी वाचून घेत नव्हते. वरच्यांच्या पुस्तकातून आपल्या पोरांसाठी ताठ कण्याचे दाखले वेचत होते. आपल्याकडे दुसरं पुस्तकच नव्हतं त्या वेळी.

पोरानं ते उत्तर नापास केलं. त्यात काही तथ्य आहे, पण समाधान होत नाही, असं. मग म्हणालं, मला भीष्म-द्रोण आवडत नाहीत, ढोंगी आहेत, बोलतात एक आणि करतात एक. कृष्ण कपटी. रामही नको, शूर्पणखेशी कसा वागला बघा, वालीशी कसा वागला बघा, सीतेशी कसा वागला बघा.

हे ऐकून रामजी गप्प बसले. काही बोलले नाहीत. बंड झालं हे त्यांना कळलं.

आपल्या समीक्षेचा जन्म शोधत आपण कुठं कुठं जातो. मला वाटतं तो ह्या घरात झाला. सक्तीनं वाचायला लावलेल्या ग्रंथाला एका महार पोरानं तोंडावर जाब विचारला, आणि एका महार मास्तरानं तो ऐकून घेतला. आपल्याला पोराचं बंड दिसतं. मास्तराचं गप्प बसणं दिसत नाही. ज्याच्या हातात घराची सगळी सत्ता आहे तो माणूस पोराच्या वाक्यासमोर गप्प बसतो, हे सोपं नाही. आज आपल्या संघटनांत एखाद्या पोरानं नेत्याला असा प्रश्न विचारून बघावा. गप्प कोण बसतो ते कळेल.

आणखी एक. त्याच प्रस्तावनेत आहे की भीमराव इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा वस्तीला समारंभ करायचा होता. रामजी नको म्हणाले. नुसती परीक्षा पास झालाय, पोराच्या डोक्यात जाईल. दादा केळूस्करांनी समजूत घातली तेव्हा समारंभ झाला, आणि केळूस्करांनी आपलं बुद्धचरित्र पोराला दिलं. कीरांनी हा समारंभ १९०७ च्या मॅट्रिकचा म्हणून सांगितलाय, आपणही तसंच सांगत आलो. बाबासाहेब स्वतः चौथी म्हणतात. मॅट्रिक म्हटलं की गोष्ट मोठी दिसते, म्हणून आपल्याला ती बरी वाटते. मास्तराला मोठं दाखवणं पसंत नव्हतं.

आता हिशेबाची बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मीही भक्तच ठरेन. ह्या शाळेत शेवटपर्यंत एकच विद्यार्थी शिकला. थोरले आनंदराव शाळा सोडून कामाला लागले, घराला दोघांचा खर्च झेपत नव्हता. भीमरावाला पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जायचे, त्यांचा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. तुळसा आणि मंजुळा. ज्या पलटणीत मुलींनाही शाळा सक्तीची होती, त्या पलटणीच्या मास्तराच्या लेकींचा वाटा पोथीत नाही, सावकाराच्या वहीत गेला. ह्यांच्यावर आपल्यापैकी कुणाची कविता आहे? बाबासाहेबांच्या प्रत्येक पुस्तकावर दोन बहिणींच्या दागिन्याचा हक्क आहे. आपल्या बहिणींच्या शिकण्याचा प्रश्न आला की हे आठवावं.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. भीमराव बडोद्याला नोकरीवर होता. तार आली, निघाला. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी चुकली. घरी पोचला तेव्हा मास्तरांचं बोलणं संपत आलं होतं. त्याच वर्षी जुलैत विद्यार्थी न्यूयॉर्कला पोचला. मास्तरांनी ते पाहिलं नाही. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला छापून निघाला. तो बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. अर्थशास्त्राचा ग्रंथ, पहिलं पान मास्तरांचं.

तर मुद्दा असा आहे. बाबासाहेब हा चमत्कार नव्हता. चमत्कार म्हटलं की आपण सुटलो, कारण चमत्कार पुन्हा करता येत नाही, फक्त वाट बघता येते आणि आरती करता येते. त्यांनी आयुष्यभर ज्या अवतारवादाला नकार दिला त्यात आपण त्यांनाच बसवतोय, आणि कवितेनं त्याला हातभार लावतोय. पण एक पलटणीची शाळा, एक नॉर्मल स्कूल, एक मास्तर, दोन बहिणींचे दागिने, रात्री दोनचा ठोका, ह्यातलं काहीच चमत्कार नाही. हे सगळं करता येतं.

१९४२ च्या जुलैत नागपूरला बाबासाहेबांनी तीन शब्द दिले. त्यातला पहिला इंग्रजी शब्द 'एज्युकेट'. आपण त्याचं भाषांतर केलं 'शिका'. तर्खडकरांची पाठमाला घोटलेल्या माणसाचा शब्द आहे तो, नीट बघा. त्याचा अर्थ शिकवा असाही आहे, आणि आधी तोच आहे. 'शिका' म्हणताना समोरच्याकडे बोट जातं. 'शिकवा' म्हणताना ते आपल्याकडे वळतं. भिंतीवर आपण सोयीचा अर्थ रंगवला.

माझ्या सूर्याच्या कवितेचं काय करायचं ते मी ठरवलंय. ती पुन्हा वाचणार नाही. त्या सातवीतल्या पोराला मी शोधलं आणि सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. बाबासाहेबांचा अभ्यास रामजी मास्तर घ्यायचे, रात्री दोनला उठवून. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग माझा कोण घेणार?"

ह्या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. पाळी बदलून घेतली आहे. सोमवारपासून अभ्यासिकेत मी आणि आणखी दोघं बसतो. मला गणित जमत नाही, ज्याला जमतं त्यानं यावं. तयारी करून यावं.

जयभीम.